पॅकरचे बंड : विक्रमांच्या वहीतून निसटलेली दोन वर्षे

दिनांक २ डिसेंबर १९७७. या एकाच दिवशी ऑस्ट्रेलियाचे दोन क्रिकेट संघ दोन निरनिराळ्या शहरांत मैदानात उतरले. ब्रिस्बेनमध्ये भारताविरुद्धची पहिली कसोटी सुरू झाली. बिशनसिंग बेदीच्या संघासमोर यजमानांचे नेतृत्व करीत होता ४१ वर्षांचा बॉब सिम्पसन. जवळजवळ दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या या खेळाडूला पुन्हा पॅड बांधावे लागले होते आणि त्याच्या संघातील सहा जणांची ती पहिलीच कसोटी होती. त्याच दिवशी मेलबर्नच्या उपनगरातील व्हीएफएल पार्क या फुटबॉलच्या मैदानावर चॅपेल बंधू, डेनिस लिली, रॉडनी मार्श अशा नामवंतांचा संघ वेस्ट इंडिजच्या तितक्याच नामवंत संघाशी खेळू लागला. पहिल्या सामन्याची नोंद कसोटी क्रिकेटच्या इतिहासात पक्की झाली. दुसऱ्या सामन्यातील एकही धाव, एकही बळी त्या इतिहासात आजवर जमा झालेला नाही.

क्रिकेटरसिकांच्या गप्पांत ऑस्ट्रेलियाच्या जुन्या खेळाडूंचा विषय निघाला की वाद ठरलेलाच असतो. लिली थोर की मॅकग्रा? ग्रेग चॅपेल मोठा की पॉन्टिंग, की अलीकडचा स्मिथ? इयन चॅपेल हा चतुर कर्णधार होता, पण देशाच्या संघाकडे पाठ फिरवणाऱ्याला आदर्श कसे म्हणायचे? आणि किम ह्यूज, ग्रॅहम यॅलप हे खरोखर सामान्य होते, की त्यांना पडत्या काळाची शिक्षा भोगावी लागली? या साऱ्या प्रश्नांची वाट एकाच ठिकाणी येऊन अडते. ते ठिकाण म्हणजे केरी पॅकर या उद्योगपतीने १९७७ ते १९७९ या काळात उभी केलेली 'वर्ल्ड सीरिज क्रिकेट' ही समांतर स्पर्धा. तिची ओळख रंगीत कपडे, पांढरा चेंडू आणि प्रकाशझोत एवढ्यावरच उरकली जाते. प्रत्यक्षात ती सुरू झाली खेळाडूंच्या पोटापाण्याच्या प्रश्नातून, संपली दूरचित्रवाणीच्या हक्कांच्या करारात, आणि तिची किंमत मोजली दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी.

दोनशे डॉलरचा सामना

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियाचा संघ जगात अव्वल मानला जात होता. १९७४-७५ च्या मोसमात लिली आणि जेफ थॉमसन या जोडीने इंग्लंडची दाणादाण उडवली. त्या मालिकेतील एकट्या मेलबर्न कसोटीला अडीच लाखांच्या आसपास प्रेक्षक लोटले होते. मैदानावर जमणाऱ्या या पैशातून खेळाडूच्या हाती किती पडत होते? एका कसोटीमागे सुमारे दोनशे डॉलर. पाच दिवसांचा खेळ, त्याआधीचा सराव, प्रवास आणि नोकरीतून घ्यावी लागणारी रजा यांचा विचार केला, तर ही रक्कम म्हणजे भत्त्याहून फार वेगळी नव्हती.

क्रिकेट हा तेथे पूर्णवेळ व्यवसाय नव्हताच. पॉल शीहान हा शिक्षक होता, इयन रेडपाथ जुन्यापुराण्या कलावस्तूंचे दुकान चालवत असे. ऐन उमेदीच्या वयात, संसार आणि नोकरी सांभाळण्यासाठी खेळाडू निवृत्ती पत्करत. इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेटचा व्यावसायिक आधार तरी होता. ऑस्ट्रेलियात तोही नव्हता.

मंडळाचीही एक बाजू होती आणि ती सरसकट नाकारता येणार नाही. ऑस्ट्रेलियन क्रिकेट मंडळ हे राज्य संघटनांच्या प्रतिनिधींचे मंडळ होते. त्याचे पदाधिकारी बहुतांशी मानद काम करीत. कसोटी सामन्यांचे उत्पन्न राज्यांच्या स्पर्धांवर, शालेय आणि क्लब क्रिकेटवर खर्च होत असे. देशासाठी खेळणे हा सन्मान आहे, ती नोकरी नव्हे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. सर डॉन ब्रॅडमन हे या श्रद्धेचे सर्वांत वजनदार प्रतिनिधी. १९७१ मध्ये कर्णधार झालेल्या इयन चॅपेलला ही भाषा मान्य नव्हती. मानधनवाढीचा विषय काढला की ब्रॅडमन तो परतवून लावत, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. खेळाडूंची कामगारांसारखी संघटना बांधता येईल का, याची चाचपणी करण्यासाठी तो त्या वेळचे कामगार नेते आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक यांनाही भेटला होता.

म्हणजे पॅकर येण्यापूर्वीच असंतोष धुमसत होता. बाहेरून कोणीतरी पैशाची थैली घेऊन आला आणि सुखी संसार मोडला, हे चित्र मंडळाला सोयीचे असले तरी खरे नाही.

पॅकरला क्रिकेट का हवे होते?

पॅकरला खेळाडूंच्या दुःखाचा कळवळा होता म्हणून तो या रणात उतरला, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. 'चॅनल नाइन' ही वाहिनी त्याच्या घराण्याच्या ताब्यात होती. ऑस्ट्रेलियात मार्च १९७५ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. वाहिन्यांवर देशी बनावटीचे कार्यक्रम ठरावीक प्रमाणात दाखवण्याचे बंधन होते आणि नाटके-मालिका तयार करणे खर्चिक होते. याउलट एक कसोटी सामना म्हणजे पाच दिवस रोज सहा तासांचा तयार कार्यक्रम. हिरवे मैदान, उन्हाळ्याची सुटी, षटकागणिक जाहिरातीला मिळणारी फट! वाहिनीच्या मालकाला याहून काय हवे?

पॅकरने १९७६ मध्ये मंडळापुढे प्रस्ताव ठेवला : तीन वर्षांच्या एकमेव प्रक्षेपण हक्कांसाठी १५ लाख डॉलर. मंडळाने हक्क दिले ते सरकारी प्रसारण संस्था असलेल्या 'एबीसी'ला, तीन वर्षांच्या सुमारे २ लाख १० हजार डॉलरला. सातपट रक्कम नाकारण्यामागे जुने संबंध होते, देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचणाऱ्या सरकारी यंत्रणेवरचा विश्वास होता आणि धनिकाच्या धसमुसळ्या वागण्याविषयीची नाराजीही होती. पॅकरने मग वेगळाच हिशेब मांडला. सामने विकत मिळत नसतील, तर सामने खेळणारेच विकत घ्यावेत.

लिलीचा व्यवस्थापक ऑस्टिन रॉबर्टसन आणि त्याचा भागीदार जॉन कॉर्नेल यांच्या डोक्यातही खेळाडूंचे स्वतंत्र सामने भरवण्याची कल्पना घोळत होती. ती पॅकरच्या तिजोरीशी जुळली. मार्च १९७७ मध्ये मेलबर्नला कसोटी क्रिकेटची शताब्दी साजरी होत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या कसोटीप्रमाणेच ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी विजय मिळवला. जुने-नवे दिग्गज एकमेकांना आलिंगने देत होते आणि त्याच सुमारास पडद्याआड करारांवर सह्या होत होत्या. बहुतेक करार तीन वर्षांपर्यंतचे होते आणि आघाडीच्या खेळाडूंना वर्षाकाठी २५ हजार डॉलर वा त्याहून अधिक रक्कम मिळणार होती.

बातमी फुटली ९ मे १९७७ रोजी, ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना. १७ जणांच्या त्या संघातील १३ जणांनी पॅकरशी करार केल्याचे उघड झाले. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग हा पॅकरसाठी खेळाडू गोळा करीत असल्याचे कळताच त्याचे कर्णधारपद गेले. फुटलेल्या मनाने खेळलेली ती ॲशेस मालिका ऑस्ट्रेलियाने ३-० अशी गमावली. एकाच ड्रेसिंग रूममध्ये सह्या केलेले आणि न केलेले खेळाडू समोरासमोर बसत होते. किम ह्यूज हा सही न केलेल्या चौघांपैकी एक. थॉमसनने सही केली होती, पण एका रेडिओ केंद्राशी आधीच झालेल्या करारामुळे त्याला माघार घ्यावी लागली.

न्यायालयात काय ठरले?

आंतरराष्ट्रीय परिषदेने जून १९७७ मध्ये लॉर्ड्सवर पॅकरशी बोलणी केली. एकमेव प्रक्षेपण हक्कांच्या मागणीवर ती फिसकटली. जुलैमध्ये परिषदेने फर्मान काढले : पॅकरचे सामने प्रथम श्रेणीचे मानले जाणार नाहीत आणि १ ऑक्टोबरनंतर त्यात खेळणाऱ्याला कसोटीचे दरवाजे बंद. इंग्लिश मंडळाने कौंटी क्रिकेटमध्येही हीच बंदी आणायचे ठरवले.

ग्रेग, माइक प्रॉक्टर आणि जॉन स्नो हे तिघे पॅकरच्या पाठबळावर लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती स्लेड यांनी २५ नोव्हेंबर १९७७ रोजी दिलेला निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. कायद्याचा मुद्दा समजायला अवघड नाही. माणसाला आपल्या कौशल्यावर उपजीविका करण्याचा हक्क असतो. एखाद्या संस्थेच्या हाती त्या व्यवसायाची सारी दारे असतील आणि ती संस्था वाजवी कारणावाचून ती दारे बंद करीत असेल, तर कायदा तिला रोखतो. मंडळे खेळाडूंना वर्षभराचा पगार देत नव्हती, पुढच्या मोसमात निवड होईल याची हमी देत नव्हती. मग मोकळ्या महिन्यांत त्याने दुसरीकडे खेळू नये, असे कोणत्या आधारावर म्हणणार? निष्ठेची अपेक्षा एकतर्फी असू शकत नाही, हा या निकालाचा मथितार्थ होता.

तरीही न्यायालय निवड समितीला अमुक खेळाडू घ्या, असा आदेश देऊ शकत नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने आपल्या बंडखोरांना संघाबाहेरच ठेवले.

फुटबॉलच्या मैदानावरचे क्रिकेट

पॅकरची खरी कसोटी आता सुरू झाली. 'टेस्ट' हा शब्द वापरता येत नव्हता, म्हणून सामन्यांना 'सुपरटेस्ट' म्हटले गेले. नेहमीची मैदाने मिळाली नाहीत. फुटबॉलची मैदाने, घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक, सिडनीतील कृषी प्रदर्शनाचे आवार अशा जागा भाड्याने घ्याव्या लागल्या. तेथे खेळपट्टी कुठली? जॉन मेली या तज्ज्ञाने मोठाल्या साच्यांत खेळपट्ट्या वाढवल्या आणि त्या उचलून मैदानात आणून बसवल्या. त्या वेळी हा प्रकार हास्यास्पद वाटला होता. आज मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ येथील कसोटी सामने अशाच बाहेर वाढवलेल्या खेळपट्ट्यांवर होतात.

पहिल्या मोसमात प्रेक्षकांनी पाठ फिरवली. प्रचंड मैदानात मूठभर माणसे, असे दृश्य वृत्तपत्रांतून छापून येत होते आणि 'पॅकरची सर्कस' अशी टिंगल चालली होती. खेळ मात्र सर्कशीचा नव्हता. एका बाजूला अँडी रॉबर्ट्स, मायकेल होल्डिंग, जोएल गार्नर. दुसऱ्या बाजूला लिली. तिसरा संघ 'जागतिक एकादश', त्यात इम्रान खान, प्रॉक्टर, बॅरी रिचर्ड्स. दुबळा प्रतिस्पर्धी नाहीच. शताब्दी कसोटीत टोनी ग्रेगला सलग पाच चौकार मारून रातोरात प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड हुक्सचा जबडा डिसेंबर १९७७ मध्ये रॉबर्ट्सच्या उसळत्या चेंडूने मोडला. फलंदाजाने हेल्मेट घालणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे, ही समज त्यानंतर झपाट्याने रुजली. आज शाळकरी मुलगाही हेल्मेटविना नेटमध्ये उतरत नाही, त्याचे मूळ या दोन मोसमांत आहे.

पारडे फिरले ते दुसऱ्या मोसमात. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर नेव्हिल रॅन यांच्या सरकारमुळे सिडनी क्रिकेट मैदानाचे दरवाजे पॅकरसाठी उघडले, तेथे प्रकाशझोत उभे राहिले आणि २८ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री ४४ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी तो सामना पाहिला. कामावरून सुटलेला नोकरदार, बायकामुलांसह आलेला गृहस्थ असा नवा प्रेक्षकवर्ग क्रिकेटला मिळाला होता. मंडळाच्या डोळ्यांत अंजन घालणारी ती रात्र होती.

मागे राहिलेले

बंडखोरांची कथा रंगतदार आहे, म्हणून ती वारंवार सांगितली जाते. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला फारशी सहानुभूती आली नाही. सिम्पसनने भारताविरुद्धच्या त्या मालिकेत दोन शतकांसह ५३९ धावा केल्या आणि नवख्यांना घेऊन ती ३-२ अशी जिंकली. त्या पाच कसोट्या अतिशय चुरशीच्या झाल्या. ब्रिस्बेनला भारत १६ धावांनी हरला, पर्थला दोन गड्यांनी. मेलबर्नला चंद्रशेखरने बारा बळी घेऊन बाजी पलटवली. गावसकरने पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतके झळकावली. अखेरच्या ॲडलेड कसोटीत ४९३ धावांचे लक्ष्य असताना भारताने ४४५ पर्यंत मजल मारली. दुय्यम संघाची मालिका म्हणून ती बाजूला सारणे, हा त्या खेळावर अन्यायच आहे.

पुढचा मोसम मात्र यजमानांसाठी क्लेशकारक ठरला. यॅलपच्या नेतृत्वाखालील संघाने १९७८-७९ ची ॲशेस ५-१ अशी गमावली. त्या पडझडीतही रॉडनी हॉगने ४१ बळी घेतले आणि मेलबर्नला ॲलन बॉर्डर नावाच्या तरुणाने पदार्पण केले. संघात जागा रिकाम्या होत्या म्हणूनच त्याला ही संधी इतक्या लवकर मिळाली. पुढे १५६ कसोट्या खेळून ११,१७४ धावा करणारा बॉर्डर आणि १९८६ पासून संघाचा प्रशिक्षक झालेला सिम्पसन या दोघांनीच कोसळलेले ऑस्ट्रेलियन क्रिकेट पुन्हा उभे केले. १९८७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषक उंचावणाऱ्या संघाची पाळेमुळे फुटीतल्या 'अधिकृत' बाजूकडे जातात, हे विसरता कामा नये.

सर्वांत बिकट अवस्था किम ह्यूजची झाली. बंडखोर परतल्यावर चॅपेलच्या अनुपस्थितीत तो त्यांचा कर्णधार होई. लिली आणि मार्श यांच्या मनात त्याच्या नेतृत्वाविषयी आदर नव्हता आणि ते लपूनही राहिले नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिस्बेनला राजीनाम्याचे निवेदन वाचताना त्याला अश्रू आवरले नाहीत. करार कागदावर मिटले, पण ड्रेसिंग रूममधली १९७७ ची भेग आणखी सात वर्षे टिकली होती.

भारताला काय मिळाले?

पॅकरच्या स्पर्धेत एकही भारतीय खेळाडू उतरला नाही. तरी तिची सावली आपल्या विक्रमांवर पडलेली आहे. १९७८ च्या उत्तरार्धात भारत पाकिस्तानला गेला, तेव्हा पाकिस्तानने पॅकरकडील आपले खेळाडू संघात घेतले होते. झहीर अब्बासने तीन कसोट्यांत ५८३ धावा कुटल्या आणि भारत २-० असा हरला. त्यापाठोपाठ वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला तो लॉइड, रिचर्ड्स, रॉबर्ट्स, होल्डिंग यांच्याविना. गावसकरने त्या मालिकेत ७३२ धावा केल्या आणि भारताने सहा कसोट्यांची मालिका १-० अशी जिंकली. १९७९ च्या शरदात किम ह्यूजचा संघ आला; समेट झाला होता तरी पॅकरचे खेळाडू त्या दौऱ्यावर नव्हते. वानखेडेवर डावाने विजय मिळवत भारताने ती मालिका २-० अशी खिशात टाकली. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो भारताचा पहिलाच मालिकाविजय.

म्हणून या विजयांचे मोल शून्य धरायचे का? मुळीच नाही. समोर जो संघ आला त्याला हरवणे एवढेच खेळाडूच्या हाती असते. पण एकाच मोसमात एका देशाने पॅकरचे खेळाडू घेतले आणि दुसऱ्याचे आले नाहीत, हे ठाऊक असल्याशिवाय त्या वर्षांची सरासरी वाचणे म्हणजे तारीख न पाहता जुने वृत्तपत्र वाचण्यासारखे आहे.

समेट कोणाचा?

मंडळाची तिजोरी रिकामी होत चालली होती आणि पॅकरलाही हा खर्च जड जात होता. ३० मे १९७९ रोजी तडजोड जाहीर झाली. पॅकरच्या कंपनीला दहा वर्षांसाठी क्रिकेटच्या प्रसाराचे आणि विपणनाचे हक्क मिळाले, सामने 'चॅनल नाइन'वर आले. १९७६ मध्ये जे मागितले होते त्याहून अधिक त्याच्या पदरात पडले. दर उन्हाळ्यात तीन देशांची एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली. १९८०-८१ मध्ये भारत या स्पर्धेत खेळला आणि १९८५ मध्ये गावसकरच्या संघाने मेलबर्नच्या प्रकाशझोतात रंगीत कपड्यांत जागतिक अजिंक्यपद पटकावले. आपल्याकडे सकाळी उठून दूरचित्रवाणीसमोर बसण्याची सवय लागली ती याच काळात.

या तडजोडीच्या टेबलाभोवती खेळाडू मात्र नव्हते. ज्यांनी कारकीर्द पणाला लावली त्यांना निर्णय कळला तो नंतर. मानधन वाढले हे खरे, पण उत्पन्नात हिस्सा, निवृत्तीनंतरची तरतूद, वाटाघाटींचा अधिकार हे प्रश्न तसेच राहिले. त्या काळात स्थापन झालेली खेळाडूंची संघटना पुढच्या दशकात बंद पडली. नवी संघटना १९९५ मध्ये उभी राहिली, १९९७ मध्ये तिला संपाची भाषा करावी लागली आणि त्यानंतर कुठे मंडळाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा खेळाडूंना देण्याचे तत्त्व मान्य झाले. हे तत्त्व टिकवण्यासाठी २०१७ मध्येही सुमारे २३० खेळाडूंना करारावाचून महिनाभर घरी बसावे लागले. इयन चॅपेलने मांडलेला प्रश्न सुटायला दोन दशके लागली आणि तो पॅकरने सोडवला नाही.

भारताने हे नाट्य वेगळ्या शेवटासह पाहिले. प्रक्षेपण हक्कांच्या स्पर्धेत हात पोळलेल्या सुभाषचंद्र यांच्या झी समूहाने २००७ मध्ये 'इंडियन क्रिकेट लीग' काढली. मंडळाने त्यातील खेळाडूंवर बंदी घातली, पण ऑस्ट्रेलियन मंडळासारखे हातावर हात ठेवून ते बसले नाही. २००८ मध्ये त्याने स्वतःचीच 'आयपीएल' मैदानात आणली आणि बंडखोर लीग २००९ नंतर इतिहासजमा झाली. 'आयपीएल'च्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. खेळाडू हाच प्रक्षेपणाचा कच्चा माल आहे, हा पॅकरचा धडा भारतीय मंडळाने त्याच्या प्रतिस्पर्ध्यांहून नीट वाचला होता.

वहीत नसलेल्या धावा

आता पुन्हा मूळ वादाकडे वळू. ग्रेग चॅपेलने सुपरटेस्टमध्ये १,४१५ धावा ५६.६० च्या सरासरीने केल्या. त्याची कसोटीतील सरासरी आहे ५३.८६. म्हणजे जगातील सर्वांत भेदक गोलंदाजीसमोर, अनोळखी खेळपट्ट्यांवर तो नेहमीपेक्षा सरस खेळला. व्हिव्हियन रिचर्ड्सचेही तसेच : सुपरटेस्टमध्ये ५५.६९, कसोटीत ५०.२३. लिलीने सुपरटेस्टमध्ये ६७ बळी घेतले. कसोटीतील ३५५ बळींत ते धरलेले नाहीत. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका बहिष्कृत झाल्यावर चार कसोट्यांवर कारकीर्द थांबलेल्या बॅरी रिचर्ड्सने पॅकरच्या पाच सामन्यांत ७९ च्या सरासरीने ५५४ धावा काढल्या. त्याच्या थोरवीचा तेवढाच वरच्या दर्जाचा पुरावा जगाजवळ आहे आणि तोच अधिकृत नाही.

यात विसंगती किती पाहा. ऑक्टोबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने सिडनीला ऑस्ट्रेलिया विरुद्ध जागतिक एकादश असा सामना स्वतः भरवला आणि त्याला कसोटीचा दर्जा बहाल केला. प्रदर्शनी वळणाचा, एकतर्फी झालेला तो सामना आकडेवारीत कायम आहे. याच धर्तीचे, पण जीव तोडून खेळलेले १९७७-७९ चे सामने बाहेर आहेत. दर्जा ठरवताना खेळाची प्रत पाहिली गेली नाही. सामना कोणी भरवला, हे पाहिले गेले. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये या कामगिरीला आपल्या खेळाडूंच्या नोंदींत स्वतंत्र स्थान देण्याचे ठरवले, ही त्या मंडळाने उशिरा का होईना दिलेली कबुलीच म्हणायची.

या धावा कसोटीत मिसळाव्यात काय? तसे करू नये. मिसळल्या, तर सिम्पसन, हॉग, यॅलप आणि तरुण बॉर्डर यांनी त्याच दिवसांत देशासाठी जे सोसले त्याचा अर्थ बदलेल. शिवाय चार दशकांपूर्वीची वही आज खाडाखोड करून शहाणपण येत नाही. स्वतंत्र रकाना हाच न्याय्य मार्ग. मात्र वाद घालणाऱ्याने दोन्ही रकाने वाचले पाहिजेत. ग्रेग चॅपेलने जानेवारी १९८४ मध्ये सिडनीला आपल्या अखेरच्या कसोटीत ब्रॅडमन यांच्या ६,९९६ धावांना मागे टाकले आणि त्याच सामन्यात लिली व मार्श यांच्यासह निरोप घेतला. मानधनाचा विषय ज्यांनी परतवून लावला, त्यांच्याच विक्रमाला मागे टाकणाऱ्या या फलंदाजाने दोन मोसम बाहेर काढले होते. ते दोन मोसम त्याने देशद्रोहात घालवले, असे म्हणणारे आता फारसे उरलेले नाहीत. पण ते त्याने कोणत्या गोलंदाजीसमोर घालवले आणि त्या वेळी ब्रिस्बेनला त्याच्या जागी कोण उभे होते, ही दोन्ही उत्तरे जवळ असल्याखेरीज त्या पिढीतल्या कोणाचाही निवाडा करायला बसू नये.